चिकुनगुन्या विषाणू : महाराष्ट्रातील संशोधनाचा इतिहास

चिकुनगुन्या हा डासांमार्फत पसरणारा ज्वर असून तो उत्पन्न करणारा विषाणू (व्हायरस) टोगॅव्हिरिडी कुलातील आल्फाव्हायरस या वंशात मोडतो. एकाएकी चढणारा ताप, अंगावर उठणारे पुरळ आणि मनगटे, घोटे व हातापायांची बोटे यांच्या सांध्यांतील तीव्र वेदना ही या रोगाची प्रमुख लक्षणे होत. या रोगाने मृत्यू क्वचितच येतो. परंतु सांधेदुखी कित्येक आठवडे आणि काही रुग्णांत महिनोन्‌महिने टिकते. त्यामुळे अंगमेहनतीवर गुजराण करणाऱ्या कुटुंबांना या रोगाची झळ विशेष बसते. या विषाणूच्या अभ्यासाशी महाराष्ट्राचा संबंध तीन प्रकारे आला आहे : नागपूर (१९६५) व बार्शी (१९७३) येथील साथींचा शास्त्रीय शोध, डासाच्या कोशिका (पेशी) प्रयोगशाळेत वाढविण्याची पुणे येथे सिद्ध झालेली पद्धती आणि जतन करून ठेवलेल्या जुन्या विषाणूंच्या आधारे २००५-०६ मधील महासाथीच्या उगमाची झालेली उकल.

नाव व शोध : हा रोग प्रथम १९५२-५३ मध्ये तत्कालीन टांगानिका (सध्याचा टांझानिया) देशाच्या दक्षिण भागातील माकोंडे पठारावर लक्षात आला. मॅरिअन रॉबिन्सन व डब्ल्यू. एच्. आर्. लम्सडेन यांनी त्याचे वर्णन १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. ‘चिकुनगुन्या’ हा माकोंडे भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ ‘वाकवून टाकणारा’ असा आहे; सांधेदुखीने कंबरेत वाकलेल्या रुग्णांवरून तो रूढ झाला. कोंबडीशी किंवा तिच्या मांसाशी या नावाचा काहीही संबंध नाही; तथापि उच्चारसाम्यामुळे तसा गैरसमज भारतात पुष्कळ ठिकाणी पसरला होता. आर्. डब्ल्यू. रॉस यांनी १९५३ मध्ये रुग्णांच्या रक्तातून व ईडिस ईजिप्ताय जातीच्या डासांतून हा विषाणू वेगळा केला. आशियात तो प्रथम १९५८ मध्ये बँकॉक येथे आढळला. भारतात १९६३ मध्ये कलकत्ता (कोलकाता) येथे मोठी साथ उद्‌भवली व तेथील रुग्णांतून विषाणू वेगळा करण्यात आला. पुढील दोन वर्षांत मद्रास (चेन्नई), पाँडिचेरी (पुदुच्चेरी), वेल्लोर, विशाखापटनम्, राजमहेंद्री, काकिनाडा व नागपूर येथे साथी आल्या.

पुणे येथील केंद्र : संधिपाद प्राण्यांमार्फत (डास, गोचीड, वाळुमाशी इत्यादींमार्फत) पसरणाऱ्या विषाणूंच्या अभ्यासासाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी १९५२ मध्ये पुणे येथे ‘व्हायरस रिसर्च सेंटर’ हे केंद्र संयुक्तपणे स्थापन केले. १९७८ मध्ये त्याचे ‘राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था’ असे नामांतर झाले. १९५७ मध्ये म्हैसूर राज्यातील (सध्याचे कर्नाटक) शिमोगा जिल्ह्यात माकडे व माणसे दगावू लागली, तेव्हा टेल्फर्ड वर्क यांच्या नेतृत्वाखाली या केंद्राने गोचिडांमार्फत पसरणाऱ्या क्यासनूर वनरोगाचा विषाणू शोधून काढला. या शोधाने केंद्राची ख्याती जगभर झाली. हाच रोग २०१६ मध्ये महाराष्ट्रातील सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यात आढळला.

त्या काळी विषाणू वेगळा करण्याची रूढ पद्धत अशी होती : रुग्णाचा रक्तरस किंवा डासांचा खल एक-दोन दिवसांच्या उंदराच्या पिलांच्या मेंदूत टोचीत. विषाणू असल्यास काही दिवसांत पिले आजारी पडत. त्यांच्या मेंदूंपासून प्रतिजन तयार करून ज्ञात विषाणूंच्या प्रतिपिंडांशी त्याची विक्रिया होते की नाही, हे पाहण्यात येई. ही पद्धत विश्वसनीय होती. परंतु तिला वेळ फार लागे, उंदरांची मोठी पैदास सतत सांभाळावी लागे आणि मुख्य म्हणजे विषाणू कोशिकेत शिरल्यावर तेथे काय घडते, हे तीमधून कळत नसे.

नागपूरची साथ (१९६५) : नागपूर येथे १९६५ मध्ये उद्‌भवलेल्या तापाच्या साथीत चिकुनगुन्या व डेंग्यू हे विषाणू असल्याचे पुणे येथील तपासणीत ठरले. परंतु दोन रुग्णांच्या रक्तरसांतून या दोहोंपेक्षा वेगळा विषाणू हाती आला. प्रवीण भट्ट व एफ्. एम्. रॉड्रिग्ज यांनी १९६७ मध्ये त्याचे वर्णन केले व तो जेथे सापडला त्या नागपुरातील वस्तीवरून त्यास ‘चांदीपुरा’ असे नाव दिले. हा विषाणू बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा असून तो ऱ्हॅब्डोव्हिरिडी कुलातील, म्हणजे अलर्क रोगाच्या विषाणूच्या कुलातील आहे. कोशिकांमध्ये तो अतिशय जलद वाढतो व काही तासांतच त्यांचा नाश घडवून आणतो.

त्या वेळी चांदीपुरा विषाणूपासून सौम्य ताप येतो, एवढेच ठाऊक होते. त्याचे खरे गांभीर्य २००३ मध्ये उघड झाले. त्या वर्षी आंध्र प्रदेशात मेंदुज्वराची साथ येऊन ३२९ मुले आजारी पडली व त्यांपैकी १८३ दगावली. पुण्याच्या संस्थेने या साथीचे कारण चांदीपुरा विषाणू असल्याचे दाखविले. नागपूरचा मूळ विषाणू ३८ वर्षे जपून ठेवलेला असल्यामुळेच ही ओळख पटविणे सुकर झाले. त्यानंतर विदर्भात व गुजरातेतही या रोगाचे उद्रेक झाले असून २०२४ मध्ये गुजरातेत त्याने पुन्हा अनेक बालकांचा बळी घेतला.

डासांच्या कोशिकांचे संवर्धन : कीटकांच्या कोशिका शरीराबाहेर अखंडपणे वाढविण्यात प्रथम यश आले ते ऑस्ट्रेलियातील टी. डी. सी. ग्रेस यांना. त्यांनी १९६२ मध्ये एका पतंगाच्या कोशिकांचा वंश तयार केला. रोगवाहक डासांच्या बाबतीत मात्र हे काम दुष्कर ठरले होते. पुणे येथील केंद्रातील के. आर्. पी. सिंग यांनी १९६७ मध्ये ईडिस आल्बोपिक्टस व ईडिस ईजिप्ताय या दोन्ही जातींच्या डासांपासून कोशिकावंश मिळविल्याचे ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात जाहीर केले. नुकत्याच अंड्यांतून बाहेर पडलेल्या अळ्यांचे बारीक तुकडे करून ते पोषक द्रवात ठेवले असता त्यांतील कोशिका पात्राच्या तळाशी चिकटून विभाजन पावू लागतात. सुरुवातीस ही वाढ फार मंद असते. ठराविक अवधीने त्या नव्या पात्रांत हलवीत गेल्यास अखेरीस सतत वाढणारा कोशिकावंश हाती लागतो. या कोशिका सु. २८° से. तापमानात वाढतात, सस्तन प्राण्यांच्या कोशिकांना लागणारे ३७° से. तापमान व कर्बवायूची विशेष सोय त्यांना लागत नाही. साध्या प्रयोगशाळांच्या दृष्टीने ही गोष्ट फार सोयीची ठरली.

सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या कोशिकांत निरनिराळे विषाणू घालून त्यांची वाढ अभ्यासिली. या दोन जातींच्या कोशिका सारख्या नाहीत, असे त्यांना आढळले : अनेक विषाणू आल्बोपिक्टसच्या कोशिकांत जोमाने वाढत, तर ईजिप्तायच्या कोशिकांत त्यांपैकी थोडेच वाढत. तसेच डेंग्यूच्या विषाणूमुळे आल्बोपिक्टसच्या शेजारशेजारच्या कोशिका एकमेकींत मिसळून अनेक केंद्रके असलेल्या महाकोशिका बनत. विषाणूचे अस्तित्व नुसत्या सूक्ष्मदर्शकाखाली ओळखण्याचा मार्ग त्यामुळे उपलब्ध झाला.

जपानी शास्त्रज्ञ आकिरा इगाराशी यांनी १९७८ मध्ये सिंग यांच्या आल्बोपिक्टस कोशिकांतून एकेक कोशिका निवडून त्यांचे स्वतंत्र वंश वाढविले. त्यांपैकी डेंग्यू व चिकुनगुन्या या दोन्ही विषाणूंना विशेष संवेदनशील असलेला वंश ‘सी६/३६’ या नावाने प्रसिद्ध झाला. डासांमार्फत पसरणारे विषाणू वेगळे करण्यासाठी जगभरच्या प्रयोगशाळांत तो आजही वापरतात. या कोशिकांत विषाणू इतक्या सहजपणे का वाढतात, याचा उलगडा २०१० च्या सुमारास झाला. परक्या आरएनएचे तुकडे करून विषाणूला आवर घालणारी यंत्रणा डासांच्या कोशिकांत असते. ती सी६/३६ मध्ये सदोष आहे. म्हणजे या कोशिकांची दुबळी प्रतिकारक्षमताच संशोधकांच्या उपयोगी पडली. मात्र प्रत्यक्ष डासाच्या शरीरात काय घडते, याविषयी केवळ या कोशिकांवरून निष्कर्ष काढणे योग्य नव्हे, हेही त्यावरून ध्यानात आले.

बार्शीची साथ (१९७३) : धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील भूम हे तालुक्याचे गाव बालाघाट डोंगराच्या पठारी भागात आहे. त्याच्या दक्षिणेस सोलापूर जिल्ह्यातील बार्शी ही जुनी बाजारपेठ आहे. हा सर्व टापू अवर्षणप्रवण असून नळाचे पाणी दररोज येत नसल्याने घरोघरी रांजण, हौद व पिंपे यांत पाण्याचा साठा करण्याची रीत आहे. ईडिस ईजिप्ताय हा डास अशाच स्वच्छ, साठविलेल्या पाण्यात वाढतो. तो दिवसा चावतो, फार दूर उडत जात नाही आणि त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्‌महिने टिकून राहतात. पाण्याच्या टंचाईने डास कमी होतील, हा समज या डासाच्या बाबतीत फोल ठरतो. टंचाई जितकी अधिक, तितके साठे अधिक व तितकी डासांची सोयही अधिक.

बार्शी येथे १९७३ मध्ये चिकुनगुन्याची मोठी साथ आली. पडबिद्री व ज्ञानेश्वर यांनी तिचे सर्वेक्षण केले. त्यात रोगप्रमाण ३७·५% आढळले. म्हणजे पाहणीतील दर आठ व्यक्तींपैकी सरासरी तीन आजारी पडल्या होत्या. मोठ्या शहरांत व बंदरांत दिसणारा हा रोग दख्खनच्या पठारावरील मध्यम आकाराच्या गावातही तितक्याच वेगाने पसरू शकतो, हे या साथीने दाखवून दिले. बार्शीच्या साथीतील विषाणू पुणे येथील संग्रहात ठेवण्यात आला.

विषाणूचे अदृश्य होणे : बार्शीच्या साथीनंतर भारतात चिकुनगुन्याची नोंद झालेली साथ सुमारे ३२ वर्षे आली नाही. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेच्या संचालिका खोर्शेद पावरी यांनी १९८६ मध्ये एका लेखात भारतातून व आग्नेय आशियातून हा विषाणू नाहीसा झाल्याच्या प्रश्नाची चर्चा केली. आफ्रिकेत हा विषाणू जंगलातील माकडे व डास यांच्यात टिकून राहतो. तेथून तो अधूनमधून माणसांत येतो. भारतात असे वन्य चक्र सिद्ध झालेले नाही. येथे तो माणूस–डास–माणूस असाच फिरतो आणि एकदा रोग होऊन गेलेल्या व्यक्तीस दीर्घकाळ प्रतिकारक्षमता लाभते. त्यामुळे वस्तीतील बहुतेकांना लागण होऊन गेल्यावर विषाणूला नवे आश्रय उरत नाहीत व साथ आपोआप ओसरते. परंतु मधल्या काळात जन्मलेली पिढी अशा प्रतिकारक्षमतेपासून वंचित राहते. १९७३ नंतरच्या तीन दशकांत भारतात नेमके हेच घडून आले.

महासाथ व जुन्या नमुन्यांचा उपयोग : केन्यात २००४ मध्ये सुरू झालेली साथ हिंदी महासागरातील बेटांवर पोहोचली व रेयूनियों बेटावर सु. एक-तृतीयांश लोकसंख्येला तिची बाधा झाली. २००५ च्या अखेरीस आंध्र प्रदेशात व लगोलग कर्नाटकात रोगी आढळू लागले. १९०६ च्या नव्हे तर २००६ च्या प्रारंभी महाराष्ट्रात मालेगाव व मराठवाड्यातील बीड येथे रोगाने डोके वर काढले. २००६ अखेरपर्यंत देशातील १३ राज्यांत १३ लाखांहून अधिक लोक आजारी पडल्याचा अंदाज आहे. गावेच्या गावे अंथरुणाला खिळल्याने शेतीची कामे खोळंबली.

हा जुनाच विषाणू पुन्हा उफाळून आला की नवा बाहेरून आला, हा प्रश्न महत्त्वाचा होता. जुना विषाणू देशातच दडून राहिला असेल, तर त्याचे आश्रयस्थान शोधणे अगत्याचे होते. नवा आला असेल, तर प्रवासी व व्यापारी मार्गांवर लक्ष ठेवावे लागणार होते. राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेतील येरगोलकर व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखविले की, १९६३ ते १९७३ या काळातील भारतीय विषाणू आशियाई जनुकीय प्रकारचे होते, तर २००५-०६ मधील विषाणू आफ्रिकी प्रकारचे आहेत. विद्या अरणकल्ले व सहकाऱ्यांनी २००७ मध्ये संपूर्ण जनुकसंच वाचून या निष्कर्षास पुष्टी दिली. १९६३ व १९७३ मधील विषाणूंत ९९·४% साम्य होते. म्हणजे दहा वर्षांत हा विषाणू फारसा बदलला नव्हता. २००६ मधील भारतीय विषाणू रेयूनियोंच्या विषाणूंशी ९९·९% जुळत होते. म्हणजे महासाथीचा विषाणू बार्शीच्या विषाणूचा वंशज नव्हता.

पुणे जिल्ह्यातील यवत येथे २००० मध्ये गोळा केलेल्या ईडिस ईजिप्ताय डासांतून वेगळा केलेला विषाणूही या तुलनेत होता. तोही आफ्रिकी प्रकारचा निघाला. मात्र २००६ च्या विषाणूंशी त्याचे साम्य ९८·२% एवढेच होते. आफ्रिकी प्रकारचा विषाणू महासाथीच्या पाच वर्षे आधी महाराष्ट्रात होता, असे या नमुन्यावरून दिसते. तथापि तोच महासाथीचा थेट पूर्वज होता, असे म्हणता येत नाही. एकाच नमुन्यावरून अधिक व्यापक अनुमान काढणेही उचित नाही.

आश्रय कोशिकेतील वर्तन : चिकुनगुन्या विषाणूचा कण सु. ७० नॅनोमीटर व्यासाचा असतो. त्याच्या मेदयुक्त आवरणावर ई१ व ई२ या प्रथिनांचे ८० काटे असतात व आत सु. ११,८०० न्यूक्लिओटाइडांची एकसरी आरएनए शृंखला असते. ई२ प्रथिनाच्या साहाय्याने कण कोशिकेच्या पृष्ठभागाला चिकटतो. सस्तन प्राण्यांच्या कोशिकांवरील एमएक्सआरए८ हे प्रथिन त्याचा ग्राही असल्याचे २०१८ मध्ये निश्चित झाले. चिकटलेला कण कोशिकापटलाच्या पिशवीत वेढला जाऊन आत ओढला जातो. पिशवीतील द्रव अम्लीय होताच ई१ प्रथिनाची रचना बदलते, विषाणूचे आवरण पिशवीच्या भिंतीशी एकरूप होते व आरएनए कोशिकाद्रव्यात मोकळे होते. कोशिकेची रायबोसोमे हे आरएनए आपलेच समजून त्यापासून प्रथिने बनवू लागतात. त्यांपैकी चार प्रथिने विषाणूच्या आरएनएच्या प्रती काढण्याचे काम करतात, तर इतर प्रथिनांपासून नवे कण घडतात व ते कोशिकापटलातून बाहेर पडतात.

यापुढे मात्र माणसाच्या व डासाच्या कोशिकांत मोठा फरक दिसून येतो. सस्तन प्राण्यांच्या कोशिकेत विषाणूचे एनएसपी२ हे प्रथिन केंद्रकात शिरून कोशिकेची स्वतःची आरएनए-निर्मिती बंद पाडते. त्यामुळे धोक्याची सूचना देणारी प्रथिने तयार होऊ शकत नाहीत आणि एक-दोन दिवसांत कोशिका मरते. डासाच्या कोशिकेत असा संहार सहसा होत नाही. विषाणू तेथे दीर्घकाळ टिकतो व कोशिकाही जिवंत राहते. डास स्वतः धडधाकट राहून मरेपर्यंत रोग पसरवू शकतो, याचे कारण हेच होय. माणसाच्या शरीरात हा विषाणू मुख्यत्वे सांध्यांच्या, स्नायूंच्या व त्वचेच्या संयोजी ऊतकांतील कोशिकांत वाढतो. तीव्र आजार संपून १८ महिने झाल्यानंतरही एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात विषाणूचे आरएनए आढळल्याची नोंद आहे. दीर्घकालीन सांधेदुखीस विषाणूचे हे अवशेष व त्यांच्याविरुद्ध चालू राहणारा दाह कारणीभूत असावा, असे मानतात.

विषाणूतील अत्यल्प बदलही किती परिणामकारक ठरू शकतो, याचे उदाहरण याच महासाथीत मिळाले. रेयूनियों बेटावर साथ वाढत असताना ई१ प्रथिनातील २२६ व्या स्थानावरील ॲलानीन या ॲमिनो अम्लाची जागा व्हॅलिनाने घेतली. या एका बदलामुळे विषाणू ईडिस आल्बोपिक्टस डासाच्या आतड्याच्या कोशिकांत कितीतरी अधिक सहजपणे वाढू लागतो, हे २००७ मध्ये प्रयोगांनी सिद्ध झाले. २००६ च्या भारतीय विषाणूंत हा बदल नव्हता. येथील प्रमुख वाहक ईडिस ईजिप्ताय असल्याने त्याची गरजही पडली नाही. परंतु २००७ मध्ये केरळात, जेथे रबराच्या मळ्यांत आल्बोपिक्टस विपुल आहे, तेथील विषाणूंत तो आढळून आला.

निदान व प्रतिबंध : महासाथीनंतर राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने तयार केलेले प्रतिपिंड-चाचणीचे संच देशभरातील निवडक रुग्णालयांना पुरविण्यात येऊ लागले. त्यामुळे जिल्हा पातळीवरही निदान शक्य झाले. पहिल्या काही दिवसांत आरएनएची तपासणी व त्यानंतर प्रतिपिंडांची तपासणी असा क्रम पाळतात. धोकादायक विषाणूंच्या अभ्यासासाठी सर्वोच्च जैवसुरक्षेची प्रयोगशाळा संस्थेच्या पाषाण (पुणे) येथील आवारात २०१२ मध्ये सुरू झाली. २०२० मध्ये करोना विषाणू वेगळा करून लस-निर्मितीसाठी उपलब्ध करून देण्याचे कामही याच संस्थेत झाले.

चिकुनगुन्यावर विशिष्ट औषध नाही. वेदनाशामके, विश्रांती व पुरेसे पाणी यांवर उपचार अवलंबून असतात. या रोगावरील पहिल्या लशीला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. परंतु गंभीर दुष्परिणामांच्या नोंदींमुळे २०२५ मध्ये तिचा तेथील परवाना स्थगित करण्यात आला. २०२४ मध्ये पुण्यासह महाराष्ट्राच्या काही भागांत रोगाने पुन्हा उचल खाल्ली. अशा स्थितीत पाण्याचे साठे झाकून ठेवणे, आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून घासून कोरडी करणे व निरुपयोगी टायर, डबे, करवंट्या यांत पाणी साचू न देणे हाच प्रतिबंधाचा मुख्य उपाय राहतो. अवर्षणग्रस्त गावांत हा उपाय पाणीपुरवठ्याच्या नियमितपणाशी निगडित आहे. पाणी रोज मिळत नसेल, तर साठे रिकामे करण्याचा सल्ला पाळणे कुटुंबांना अवघड जाते.